सरकारतर्फे कोण?

फौजदारी खटल्याच्या फाइलीवर जिला मार बसला तिचं नाव वर नसतं. वर लिहिलेलं असतं 'महाराष्ट्र शासन', मध्ये 'विरुद्ध' आणि खाली आरोपीचं नाव. ज्या बाईचं डोकं फुटलं, जिच्या पोराला मारून नाल्यात टाकलं, ती त्या खटल्यात फिर्यादी म्हणून येते, साक्षीदार क्रमांक एक म्हणून उभी राहते आणि साक्ष झाली की बाहेर जाते. तिच्या वतीनं बोलायचं ते सरकारनं. त्या दालनात सरकार म्हणजे एकच माणूस, सरकारी वकील. त्याला कुणी नेमलं, तो कुणाला बांधील आहे, त्यानं खटला नासवला तर त्याला कोण विचारणार, यातलं काहीही तिला कुणी सांगत नाही. हे पुस्तक त्या माणसाच्या कामाविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका न्यायालयाच्या व्हरांड्यात मी एका कोलाम बाईंच्या शेजारी बसलो होतो. पन्नाशीच्या असाव्यात. पहाटेच्या एसटीनं आलेल्या, फडक्यात भाकरी बांधलेली, समन्स आणि आधार कार्ड एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं. त्यांनी मला दोनदा विचारलं, "आपले वकील कोणते?" मी आत फाइलींच्या ढिगामागे उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. त्या उठून दारापर्यंत गेल्या, शिपायानं हातानं थांबवलं, तशा परत येऊन बसल्या. पुकारा झाला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. सरकारी वकिलांनी त्यांचा पोलिसांपुढचा जबाब त्यांच्या देखतच, उभ्या उभ्या, बहुधा पहिल्यांदा वाचला. तो जबाब दोन वर्षांपूर्वीचा. बाई कोलामीत बोलल्या होत्या, कुणीतरी अर्धवट मराठी करून सांगितलं होतं आणि ठाण्याच्या रायटरनं ते आपल्या ठरलेल्या भाषेत उतरवलं होतं: 'आरोपी मजकूर याने जुन्या भांडणाची कुरापत काढून.' सरतपासणीत विचारलं गेलं, "पोलिसांना असं सांगितलं होतं ना?" बाई म्हणाल्या, "असं नाही सांगितलं." खरंच होतं ते. ते शब्द त्यांचे नव्हतेच. दोन-तीन प्रश्न आणखी झाले, गोंधळ वाढला, आणि सरकारी वकिलांनी न्यायालयाची परवानगी घेऊन त्यांना फितूर ठरवलं. सगळं मिळून पंधरा मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की पुन्हा यावं लागेल का, कारण कापूस वेचणी चालू आहे.

त्या सरकारी वकिलांना मी वाईट म्हणणार नाही. त्या दिवशी त्यांच्यापुढे फाइलींचे गठ्ठे होते आणि हाताशी एकच पैरवी अंमलदार होता. पण सकाळी दहा मिनिटं त्या बाईंना समोर बसवून, कोलामी येणारा माणूस जवळ घेऊन, "माय, त्या दिवशी काय झालं?" एवढं विचारलं असतं, तर साक्ष उभी राहिली असती. ही दहा मिनिटं कुणाच्या कामाच्या हिशेबात धरली जात नाहीत. ती दिली नाहीत म्हणून कुणाला जाब द्यावा लागत नाही, आणि दिली म्हणून कुणाची नोंद होत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

सरकारी वकिलाला जाब कुणी विचारायचा, या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेनं मतपेटीतून काढलं. 1832 साली मिसिसिपी राज्यानं सरकारी वकील लोकांनी निवडून द्यायचा असं ठरवलं, आणि पुढे बहुतेक राज्यांनी तीच वाट धरली. आज तिथे जिल्ह्याचा सरकारी वकील आमदारासारखा प्रचार करतो, पत्रकं वाटतो, आश्वासनं देतो. लॅरी क्रॅस्नर हे 2017 मध्ये फिलाडेल्फियात निवडून आले ते किरकोळ गुन्ह्यांत गरिबाला जामिनाच्या पैशासाठी तुरुंगात ठेवायचं नाही असं सांगून. सॅन फ्रान्सिस्कोत चेसा बुडिन 2019 मध्ये अशाच भूमिकेवर निवडून आले आणि 2022 च्या जूनमध्ये लोकांनी मतदान करूनच त्यांना परत बोलावलं. पण त्याच देशात कित्येक जिल्ह्यांत वर्षानुवर्षं विरोधात उमेदवारच उभा राहत नाही, आणि दीर्घकाळ निवडणूक म्हटली की जास्तीत जास्त शिक्षा लावून दाखवणारा जिंकत आला. मला ती पद्धत इथे नको आहे. ज्या तालुक्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भावकी आणि तांडे फुटतात, तिथे खटला चालवणारा माणूस मतांवर उभा राहिला तर कमी मतांच्या समाजाची फिर्याद कुणी मनापासून चालवणार नाही. मात्र अमेरिकेतल्या मतदाराला एक गोष्ट कळते जी आपल्याला कळत नाही: आपल्या जिल्ह्याचा सरकारी वकील कोण आहे आणि त्यानं गेल्या चार वर्षांत काय केलं.

मी हे किनवटहून लिहितो आहे. पैनगंगेच्या काठचा, सागाच्या रानातला हा तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ आदिलाबादेतून तुटून तेव्हाच्या मुंबई राज्यात आलं. आजही आम्हाला आदिलाबाद जवळ आणि नांदेड लांब, शंभर किलोमीटरहून जास्त. उच्च न्यायालयाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, ते त्याच्याही कितीतरी पुढे. घरात गोंडी, कोलामी, गोरमाटी, बाजारात मराठी आणि तेलुगू, आणि कोर्टातल्या बोलण्यात अजून निजामाच्या काळचे जबानी, मुचलका, हुकूम हे शब्द. त्या राजवटीचं गुणगान करण्याचं मला काही कारण नाही. पण हैदराबाद संस्थानात न्यायखातं महसुली अंमलापासून 1921 च्या सुमारास वेगळं केलं गेलं, आणि मुंबई राज्याला त्यासाठी 1951 चा कायदा करावा लागला, ही नोंद इथे केली पाहिजे. न्यायाधीश कलेक्टरच्या हाताखाली नसावा हे आमच्या भागानं लवकर पाहिलं. सरकारी वकील पोलिसांच्या हाताखाली नसावा, हे मात्र सगळ्या महाराष्ट्रालाच फार उशिरा उमगलं.

ती हकीकत मुद्दाम सांगतो, कारण ती महाराष्ट्राचीच आहे. पूर्वी खालच्या कोर्टात पोलिस खात्याचेच प्रॉसिक्युटर उभे राहायचे. ज्यानं तपास केला त्याच खात्याचा माणूस तो तपास कोर्टात मांडायचा. तपासात भोक असेल तर ते दाखवून द्यायचं धाडस कुणी करावं? विधी आयोगानं 1958 च्या आपल्या चौदाव्या अहवालात ही सांगड तोडायला सांगितलं होतं. 1 एप्रिल 1974 पासून नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली, पद सहायक सरकारी अभियोक्ता झालं, पण महाराष्ट्रात त्यांच्यावरचा ताबा पोलिस खात्याचाच राहिला. शेवटी त्या वकिलांपैकीच काहीजण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या 1995 च्या निकालात न्यायालयानं सरकारला बजावलं, की या अभियोक्त्यांचा वेगळा संवर्ग करा, त्यांचा प्रमुख थेट राज्य सरकारला जबाबदार ठेवा आणि पोलिस खात्याचा त्यांच्याशी प्रशासकीय संबंध ठेवू नका. कायदा लागू झाल्यापासून एकवीस वर्षं यात गेली. इंग्लंडनंही पोलिसांपासून स्वतंत्र अभियोग यंत्रणा 1986 मध्येच उभी केली, म्हणजे उशीर फक्त आपलाच होता असं नाही. पण आपल्याकडे तो उशीर सरकारी परिपत्रकानं संपला नाही, खात्यातल्याच लोकांनी भांडून संपवला, हे विसरता कामा नये.

आज तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जो सरकारी वकील दिसतो, तो लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेला असतो. त्याची बदली होते, बढती होते, तो नोकरदार आहे. सत्र न्यायालयात, जिथे खून, बलात्कार, दरोडा चालतो, तिथला सरकारी वकील बहुधा जिल्ह्यातलाच वकिली करणारा माणूस असतो. किमान सात वर्षांचा अनुभव हवा आणि नेमणूक मुदतीची. ती नेमणूक कशी होते हे वाचकानं लक्ष देऊन वाचावं. 1973 च्या संहितेत होतं, की जिल्हा दंडाधिकाऱ्यानं सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून लायक वकिलांची यादी तयार करायची आणि त्या यादीतूनच नेमणूक करायची. महाराष्ट्रानं 1981 मध्ये दुरुस्ती करून सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत काढून टाकली आणि तिथे 'राज्य सरकारच्या मान्यतेने' असे शब्द घातले. उच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलासाठी उच्च न्यायालयाचा सल्ला घ्यायचा, तेही वगळलं. ज्या न्यायाधीशासमोर हा वकील रोज उभा राहणार, ज्याला त्याची तयारी आणि त्याची सचोटी सगळ्यांत आधी कळणार, त्याचं मतच त्या यादीतून गेलं. चाळीसहून जास्त वर्षं महाराष्ट्रात हे चाललं. म्हणूनच सरकार बदललं की बार रूममध्ये पहिली कुजबुज सरकारी वकील कोण होणार याची असते. उत्तर प्रदेशात 1990 मध्ये सरकारनं एका परिपत्रकानं राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांचे सरकारी वकील एका फटक्यात काढले होते, आणि सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक मनमानी ठरवून रद्द केलं. हे पद राजकीय बक्षीस नाही, त्यात सार्वजनिक कर्तव्य आहे, हा त्या निकालाचा गाभा होता.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 18 मध्ये सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलतीचे शब्द पुन्हा आहेत. कलम 20 मध्ये जिल्ह्या-जिल्ह्यात अभियोग संचालनालयाची तरतूद आहे, आणि शिक्षेच्या कमी-अधिक प्रमाणात कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं कोणत्या खटल्यावर देखरेख ठेवायची तेही लिहिलं आहे. माझ्या मते गेल्या अर्ध्या शतकात या बाबतीत हाती आलेली ही सगळ्यांत मोठी संधी आहे. ती पुन्हा एखाद्या दुरुस्तीनं हातची जाऊ नये यासाठी आवाज उठवायची वेळ आत्ताच आहे.

लोकांना हा विषय कळत नाही असं कुणी म्हणू नये. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, मस्साजोगला, 9 डिसेंबर 2024 रोजी सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पुढच्या फेब्रुवारीत गावकरी अन्नत्याग आंदोलनाला बसले. त्यांच्या मागण्यांत एक मागणी होती ती विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांना नेमण्याची. दुसऱ्याच दिवशी सरकारनं ती मान्य केली. तो दिवस मी फार लक्षपूर्वक पाहिला. ज्या राज्यात सरकारी वकील निवडायला मतपत्रिका नाही, तिथे एका गावानं उपाशी बसून आपला सरकारी वकील निवडून घेतला. निकम यांचं नाव 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यापासून, 26/11 च्या खटल्यापासून घराघरात माहीत आहे. ते 2024 मध्ये भाजपच्या तिकिटावर मुंबई उत्तर मध्यमधून लोकसभा लढले आणि हरले, 2025 मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं. पक्षाचं तिकीट घेतलेल्या माणसानं सरकार पक्षाचा वकील असावं का, हा प्रश्न मी महत्त्वाचा मानतो, आणि माझं उत्तर 'नसावं' असं आहे, मग पक्ष कोणताही असो. पण मस्साजोगच्या माणसांना मी दोष देणार नाही. जिल्ह्यातल्या नेहमीच्या व्यवस्थेवर विश्वास असता तर त्यांना जेवण सोडावं लागलं नसतं. आणि ज्या खुनाला टीव्हीचे कॅमेरे आले नाहीत, ज्या पाड्यावरचे लोक उपोषणाला बसले तरी तहसीलदाराशिवाय कुणी येत नाही, त्यांनी आपला वकील कसा मिळवायचा?

इथे एक तरतूद सांगतो जी किनवट-माहूरच्या प्रत्येक गावात माहीत असायला हवी. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली 1995 मध्ये जे नियम झाले, त्यांतल्या चौथ्या नियमात लिहिलं आहे, की गरज वाटली किंवा पीडितांची तशी इच्छा असली, तर जिल्हा दंडाधिकारी विशेष न्यायालयात खटला चालवण्यासाठी नामवंत ज्येष्ठ वकील नेमू शकतो आणि त्याची फी ठरवू शकतो. 'पीडितांची इच्छा' हे शब्द कायद्यात छापलेले आहेत. ज्या बाईला व्हरांड्यात "आपले वकील कोणते?" असं विचारावं लागतं, तिचा खटला या कायद्याखालचा असेल, तर तिला "मला हे वकील द्या" असं लिहून मागता येतं. इतर कुठल्याही खटल्यातही पीडिताला न्यायालयाच्या परवानगीनं स्वतःचा वकील सरकार पक्षाच्या मदतीला देता येतो. हे हक्क कागदावर राहिले याचं कारण ते सांगणारा माणूस ठाण्यातही नसतो, कोर्टातही नसतो.

सरकारी वकिलाचं काम शिक्षा मिळवणं एवढंच आहे असं समजणं मला घातक वाटतं. जामीन अर्जावर सरकार पक्षाचा 'से', म्हणजे म्हणणं, मागवला जातो. हे 'से' मी शेकड्यांनी पाहिले आहेत. त्यात बहुतेक वेळा तीच वाक्यं असतात: आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल, पुरावा नष्ट करेल, फरार होईल. आमच्याकडे त्यात एक भर पडते, की हद्द जवळ असल्यानं तेलंगणात पळून जाईल. हातभट्टीच्या केसमध्ये किंवा सागाची चार लाकडं नेल्याच्या केसमध्ये सापडलेला भूमिहीन माणूस दरवर्षी मजुरीला आदिलाबादकडे जातो आणि परत येतो, हे 'से' लिहिणाऱ्याला माहीत असतं. तरी वाक्य तेच. मग जामीन मिळाला तरी सातबारा असलेला जामीनदार मिळत नाही, आणि माणूस आत राहतो. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. त्यांच्या प्रत्येकाच्या अर्जावर कुणीतरी 'से' लिहिलेला आहे. ज्या खटल्यात विरोध करण्यासारखं काही नाही तिथे 'हरकत नाही' असं लिहिणारा सरकारी वकील हाही आपलं कर्तव्यच बजावत असतो. त्याच्या पाठीशी त्याच्या वरिष्ठांनी उभं राहिलं पाहिजे.

याची दुसरी बाजू खटले मागे घेण्याची. आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याची घोषणा मंत्री करतात आणि शासन निर्णय निघतो. पण कायद्यात खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकिलानं स्वतःच्या विचारानं करायचा असतो, आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढे जाऊन सांगितलं, की आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घ्यायचे नाहीत. नव्या संहितेत तर खटला मागे घेण्याआधी पीडिताचं म्हणणं ऐकणं बंधनकारक केलं आहे. वरून आलेल्या पत्राखाली सही करणारा सरकारी वकील आणि 'या खटल्यात जखमी झालेल्या माणसाला मी आधी भेटतो' म्हणणारा सरकारी वकील, या दोघांत फरक करायला समाजानं शिकलं पाहिजे. सरकारी वकीलच आरोपीच्या बाजूचा असल्यासारखा वागला तर काय होतं, हे देशानं गुजरातच्या बेस्ट बेकरी खटल्यात पाहिलं. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो खटला नव्यानं चालवण्यासाठी महाराष्ट्रात पाठवावा लागला. तेव्हा आपल्या राज्यावर टाकलेल्या त्या विश्वासाची आठवण मला वारंवार येते.

पुढच्या प्रकरणांत हे सगळं तपशिलानं येईल: नेमणुका, फी, साक्षीदारांचा भत्ता, दुभाष्यांची सोय, संचालनालयाची रचना. वकिलांसाठी लिहिलेली पुस्तकं पुष्कळ आहेत. हे पुस्तक सरपंचांसाठी आहे, आश्रमशाळेच्या शिक्षकांसाठी, आशाताईंसाठी, आणि ज्यांच्या घरात कुणाची तरी तारीख चालू आहे त्या सगळ्यांसाठी. 'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' असं आपण म्हणत आलो. ज्याचा माणूस मारला गेला त्याला ही पायरी टाळता येत नाही.

आणि वाचकाला एक काम सांगून थांबतो. अत्याचाराच्या खटल्यांतल्या विशेष सरकारी वकिलांच्या कामाचा आढावा जिल्हा दंडाधिकारी आणि अभियोग संचालक यांनी वर्षातून निदान दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घेऊन राज्य सरकारला अहवाल द्यायचा, असं त्याच 1995 च्या नियमांत लिहिलं आहे. आपल्या जिल्ह्यात मागचा आढावा कधी झाला आणि त्याचा अहवाल काय आहे, एवढंच विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. अर्ज दीडशे शब्दांच्या आत लिहा, एकाच विषयावर लिहा, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.